प्रेमसिंगभाऊ मरत नाहीत त्याची गोष्ट

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसाला भाव नव्हता, पण मनोधैर्याला फार होता. जो उठे तो यवतमाळला येऊन आमचं मनोधैर्य वाढवून जाई. पुण्याहून मनोधैर्य यायचं, मुंबईहून यायचं, एकदा तर बंगलोरहून आलं आणि इंग्रजीत वाढवून गेलं. पुसदच्या आमच्या ज्युनियर कॉलेजातही ठरलं की गावासाठी व्याख्यान ठेवायचं. प्राचार्यांनी नागपूरचे एक नामांकित वक्ते बोलावले. वक्त्यांची गाडी वाटेत बंद पडली. मांडव भरलेला, हार आणलेले, पोहे निवत चाललेले. प्राचार्यांची नजर सगळ्या स्टाफवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. बाकीचे जमिनीकडे बघत होते आणि मी पोह्यांकडे.

"मुनेश्वर, तुम्ही बोला. विज्ञानावर बोला. पण आशादायक बोला."

मी फिजिक्स शिकवतो. फिजिक्समध्ये आशादायक असं फारसं काही नाही. वस्तू खाली पडतात, गरम चहा थंड होतो आणि घर्षण सगळीकडे असतं. माइकसमोर उभा राहून मी डोकं खाजवलं आणि त्या खाजवण्यातून अनेक जगांचा सिद्धांत बाहेर पडला.

मी सांगितलं की इलेक्ट्रॉन डावीकडे जाईल की उजवीकडे, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात की तो दोन्हीकडे जातो. त्या क्षणी जगालाच दोन फांद्या फुटतात. एका फांदीत डावीकडे, दुसरीत उजवीकडे. आणि जगासोबत आपणही फुटतो. लोक ऐकत होते. खरोखर ऐकत होते! आख्ख्या नोकरीत मला ही गोष्ट नवीन होती. माणसाचं बोलणं कोणी ऐकलं की त्याचा तोल जातो, तसा माझा गेला.

"समजा, रस्ता ओलांडताना ट्रक आला," मी हात उंचावून म्हणालो. "एका जगात लागला, एका जगात हुकला. ज्या जगात लागला, तिथे हळहळायला तुम्ही नाहीतच! म्हणजे तुम्ही स्वतःला कायम कुठे सापडणार? हुकलेल्याच जगात!"

टाळ्या पडल्या. मी पाणी प्यालो आणि पुढे म्हणालो, "अर्थात, या तर्कात एक मोठी खोट आहे, आणि कृपा करून कोणीही याच्या भरवशावर—"

इथे लोडशेडिंग सुरू झालं. माइक मेला, पंखे मेले, आणि खोट माझ्या तोंडातच राहिली. लोक उठून पोह्यांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना शेजारच्या मोतीबाई राठोड अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान प्रेमसिंगभाऊ एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. माहूरच्या रस्त्यावर, उमरखेडच्या रस्त्यावर उभी हयात गाडी चालवली, पण एका कोंबडीलाही धक्का लावला नाही. त्यांच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या आणि नागपूरच्या एका दवाखान्यात बायपासची तारीख मिळाली होती. ही तारीख मिळवायला घरच्यांनी काय काय केलं होतं, ते साऱ्या गल्लीला माहीत होतं.

"सर," मोतीबाई म्हणाल्या, "ह्याइनं आपरेशन कॅन्सल केलं. सकाळीच फोन केला दवाखान्यात."

"काय? का म्हणून?"

"मले काय मालूम काहून! म्हन्ते, सरनं सांगतलं, म्या मरतच नाही. आता तुमीच घातलं त्याइच्या डोक्यात, तुमीच काढा."

तोंडात पेस्टचा फेस असताना माणसाला फार बाजू मांडता येत नाही. मी मान हलवली.

प्रेमसिंगभाऊ ओसरीवर शेंगदाण्याची चटणी आणि तेल घेऊन बसले होते. हे दोन्ही पदार्थ त्यांना डॉक्टरांनी बंद केलेले. मला पाहून ते उठून उभे राहिले. इतक्या आदराने माझ्यासाठी माझे विद्यार्थीसुद्धा कधी उठले नव्हते.

"या सर! तुमी तं डोळेच उघडले. डॉक्टर म्हन्ते, आपरेशन केलं तं शंभरातले पंच्याण्णव वाचते. अन् तुमच्या हिशोबानं घरी बसून शंभरातले शंभर. मंग कायले जाऊ नागपूरले?"

मी त्यांना समजावलं. अंगणातल्या कडुनिंबाची एक डहाळी तोडून आणली आणि दाखवलं, की भाऊ, सगळ्या फांद्या सारख्या नसतात. काही जाड असतात, काही काडीएवढ्या. ऑपरेशन न करता तुम्ही जिवंत राहता ती फांदी ही अशी, काडीएवढी. आणि जाड फांदी, म्हणजे जवळजवळ आख्खं झाड, त्यात तुम्ही नाही.

त्यांनी डहाळी हातात घेतली, नीट पाहिली. "पन त्या जाड फांदीत मी नाहीच ना?"

"नाही."

"मंग ते मले दिसनारच नाही."

"नाही, पण..."

"झालं तं!" असं म्हणून त्यांनी काडीएवढ्या फांदीने दात कोरले.

हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या लोकांना सुटलेला नाही, तेव्हा मला ओसरीवर सुटला नाही यात अपमान नव्हता. तरी मला तो झाला. मी दुसरा मुद्दा काढला: वाचणं म्हणजे धडधाकट वाचणं नव्हे, अंथरुणाला खिळून, बोलता न येता वाचणंही त्यात येतं. यावर ते गंभीर झाले. मला वाटलं, जमलं. संध्याकाळी ते कुंपणाजवळ येऊन म्हणाले, "इचार केला सर. एका जगात तं मी धडधाकटबी असंन. तेच धरून चालू." त्याच दिवसापासून त्यांनी गोळ्याही बंद केल्या.

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. पोस्टातले एक शेजारी म्हणाले, दुसऱ्या वक्त्याला बोलावून तुमचं खंडन करवा. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले रहमतभाई माझ्या स्कूटरचा ब्रेक दाबून पाहत म्हणाले, "सर, सीधी बात हाय. जाऊन सांगून टाका, म्या त्या दिवशी झूठ बोललो. अन् ही गाडी ठेवून जा इथं. ब्रेकची तार बदलावी लागते."

"झूठ नव्हतं ते! मोठ्या शास्त्रज्ञांचं मत आहे."

"मत हाय ना? मंग मागं घ्या. आजकाल सगळेच घेऊन राह्यले."

मी गाडी ठेवली नाही, कारण मला घाई होती. पण सल्ला घेतला. विज्ञानाच्या एका निष्ठावंत सेवकाने भर ओसरीवर हात जोडून सांगितलं, "भाऊ, मी बोललो ते खोटं होतं." प्रेमसिंगभाऊ माझ्याकडे करुणेने पाहत राहिले. "समजलं सर. या जगात तुमाले लोकाइनं दाबलं. दुसऱ्या जगात तुमी अजूनबी खरं बोलून राह्यले असान."

मग मी दवाखान्याला फोन लावला, निदान तारीख तरी परत मिळावी म्हणून. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "राठोड प्रेमसिंग. रद्द. कारण, वैद्यकीय सल्ला. सल्ला देणारे, डॉक्टर मुनेश्वर."

"मी डॉक्टर नाही. मी फिजिक्सचा आहे."

"फिजिशियन?"

"फिजिक्स! विषय. न्यूटन वगैरे."

"सर, पेशंटनं तुमचंच नाव सांगितलंय. तुम्ही दिलेला सल्ला तुम्हीच मागे घेतला तर तारीख परत देता येईल. तुमचा रजिस्ट्रेशन नंबर सांगा."

मी फोन ठेवला. आतून माझी बायको साधना म्हणाली, "त्यांच्या तांड्यावर जा. त्यांचे थोरले भाऊ आहेत ना, लखीराम? त्यांचा शब्द प्रेमसिंगभाऊ मोडत नाहीत. आणि तुम्ही तिथे बोलू नका. फक्त न्या आणि आणा."

हा त्या संपूर्ण प्रकरणातला एकमेव शहाणा सल्ला होता. तो पार पाडताना काय झालं, तो भाग वेगळा.

लखीरामदादांचा तांडा, म्हणजे बंजारा वस्ती, घाटाच्या वर. रविवारी मी स्कूटर काढली. प्रेमसिंगभाऊ भावाला भेटायला आनंदाने निघाले, पण मागे बसेनात. ज्याने आख्ख्या हयातीत एसटी चालवली, त्याने प्राध्यापकाच्या मागे बसावं, हे त्यांना कुठल्याच जगात शक्य नव्हतं. मी मागे बसलो.

तांड्यावर लखीरामदादांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "गोळ्या घे. नागपूरले जा." प्रेमसिंगभाऊ म्हणाले, "दादा, तुमचा शब्द मोडनार नाही. एका जगात मी जाईनच." लखीरामदादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा अर्धा सोडून उठलो.

परतताना घाट लागला. पहिल्या वळणावर प्रेमसिंगभाऊंनी मागचा ब्रेक दाबला. माझ्या पायाखाली कुठेतरी 'टण्' असा आवाज आला.

"सर," ते म्हणाले, "तार गेली."

"मग पुढचा दाबा!"

"पुढचा तं तुमच्या गाडीले आधीपासूनच नाही."

स्कूटर वेग घेऊ लागली. सागाची झाडं मागे पळू लागली. माझ्या मनात या वेळी कोणते उच्च विचार आले ते सांगतो: एकही नाही. मी प्रेमसिंगभाऊंचा शर्ट मागून धरला आणि डोळे मिटले. समोरून त्यांचा आवाज आला, अगदी प्रवाशांना थांबा सांगावा तितका शांत.

"घाबरू नका सर. तुमीबी वाचता अन् मीबी वाचतो."

"भाऊ, गाडी गिअरमध्ये घाला!"

"घातली. पन आपन दोघं एकाच जगात वाचू का दोन येगयेगळ्या, ते काई सांगता येत नाही."

मी माझ्याच सिद्धांताचा एवढा सूक्ष्म विचार कधी केला नव्हता. एका जगात मी एकटा वाचून मोतीबाईंसमोर उभा आहे, असं चित्र मला दिसलं आणि मरणाची भीती गेली. नवी भीती आली.

घाट जिथे संपतो तिथे कापसाचं खरेदी केंद्र. त्या हंगामात केंद्र कधी चालू, कधी बंद. त्यामुळे बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. लोक गाडीखालीच स्वयंपाक करून राहत होते. प्रेमसिंगभाऊंनी माणसं टाळली, बैल टाळले, चुली टाळल्या. उभ्या आयुष्याची ड्रायव्हरी त्यांनी त्या उतारावर दाखवली. शेवटी रांगेच्या टोकाला एक गाडी बैल सोडून उभी होती, मागचं फळकं उघडं, आणि त्यातून शुभ्र कापूस बाहेर ओसंडलेला. त्यांनी स्कूटर थेट त्यात घातली.

जगाला किती फांद्या फुटल्या मला माहीत नाही. माझ्या फांदीत एकदम सगळं पांढरं आणि शांत झालं. मी मेलो असं समजून थोडा वेळ पडून राहिलो. मग नाकात कापसातली काडी गेली आणि मी शिंकलो.

शेजारच्या कापसातून प्रेमसिंगभाऊंचं डोकं वर आलं. केस पांढरे, मिशा पांढऱ्या, चेहरा आनंदाने फुललेला.

"सर! सिद्ध झालं!"

मला रडू आलं. इतके दिवस मी जो सिद्धांत खोडत होतो, त्याचा जिवंत पुरावा माझ्यासमोर बसला होता, आणि पुराव्याचा एक भाग मी स्वतः होतो.

तेवढ्यात गाडीची मालकीण आली. तिचं नाव धनीबाई. उंच, काटक म्हातारी, हातात परात, परातीत मळलेलं पीठ.

"कोन हाय रे माह्या कापसात?"

"काई नाही झालं याडी," प्रेमसिंगभाऊ कापूस झटकत म्हणाले. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. "आमी वाचलो."

"तुमी वाचले? अन् मेले असते तं?"

"मेलो असतो तं आमाले समजलंच नसतं!"

"तुले नसतं समजलं, भाड्या!" धनीबाईने परात चाकावर आपटली. "मले समजलं असतं! पोलीस आले असते. पंचनामा झाला असता. माही गाडी ठान्यात, माहा कापूस ठान्यात, अन् रक्त लागलेला कापूस कोन घेतलं असतं? तू तं गेला असता निंघून. मी इथंच राह्यली असती ना! तुह्या मढ्यापाशी कोन बसलं असतं, तुह्या घरी सांगाले कोन गेलं असतं? मीच ना?"

प्रेमसिंगभाऊंचा हात केसांतल्या कापसावर तसाच थांबला. ते गाडीतून उतरले आणि धनीबाईच्या पायांना हात लावून म्हणाले, "चुकलं याडी."

"पाया नंतर पड. आधी माहा कापूस निवड."

स्कूटरच्या आरशाच्या काचा, दिव्याचे तुकडे आणि माझ्या चष्म्याची एक काडी, हे सगळं त्या कापसात मिसळलं होतं. आम्ही दोघं मांडी घालून कापूस निवडायला बसलो. रांगेतले लोक भोवती जमले. त्यांत माझ्या कॉलेजातल्या मुलांचे बाप होते. "सर, आज कापसाची पर्याक्टिकल हाय का?" असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "हेच ना ते, जे म्हनत होते का मानूस मरत नाही?" मी मान वर केली नाही. माणसाची प्रतिष्ठा एकदा कापसात पडली की ती काचेसारखी निवडून काढता येत नाही.

प्रेमसिंगभाऊ मात्र काही ऐकत नव्हते. एक एक पुंजका उलगडत होते. बऱ्याच वेळाने हळू आवाजात म्हणाले, "सर, ते जाड फांदी तुमी दाखवली होती. ज्याच्यात मी नाही."

"हं."

"त्याच्यात मोती हाय ना?"

"आहे," मी म्हणालो.

"जेवढ्या जगात मी नाही, तेवढ्या सगळ्याइत?"

"सगळ्यांत."

मला पुढे पुष्कळ बोलता आलं असतं. साधनाने सांगितलेलं आठवून मी गप्प बसलो.

त्या संध्याकाळी काय झालं, ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. मोतीबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. प्रेमसिंगभाऊ बाजूला जाऊन बसले आणि विचारलं, "मी नसलो तं तू काय करशीन?" मोतीबाईंचा हात थांबला नाही. त्या म्हणाल्या, "आतापासूनच करून राह्यली ना. तुमी झोपले का मी उठतो, नाकापाशी हात धरून पाहतो, श्वास चालू हाय का. मंग झोपतो. मंग आखीन उठतो." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"सर," प्रेमसिंगभाऊ म्हणाले, "तिले म्या ह्या जगातच एकटं टाकून देल्लं होतं. म्या तिथंच बसून चटनी खात होतो."

त्यांनी गोळी घेतली आणि आम्ही नागपूरचं ठरवलं. मीही सोबत गेलो, कारण तारीख परत मिळायची तर सल्लागार 'फिजिशियन' समक्ष हवा होता. काउंटरवरच्या बाई त्याच. आवाजावरून ओळखलं.

"पुन्हा भरतीचं कारण काय टाकू? मागच्या वेळी वैद्यकीय सल्ला होता. या वेळी?"

मी विचार केला. "मोतीबाई टाका."

"तो रकाना नातेवाइकांचा आहे, सर."

"मग दोन्हीकडे टाका."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, काहीतरी टाइप केलं आणि तारीख दिली. काय टाइप केलं, ते मी विचारलं नाही. त्या दवाखान्यात मी अजूनही डॉक्टर आहे, एवढं मला माहीत आहे. दिवाळीला त्यांचं शुभेच्छापत्र येतं.

ऑपरेशनच्या दिवशी प्रेमसिंगभाऊंना आत नेलं तेव्हा त्यांनी ना सिद्धांत काढला, ना टक्के. मोतीबाईंचा हात धरला आणि म्हणाले, "भेव लागून राह्यला." मोतीबाई म्हणाल्या, "लागू द्या. मलेबी लागते." मग दार बंद झालं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. दवाखान्याच्या बाकावर वेळ कसा जातो, हा फिजिक्समधला न शिकवलेला धडा आहे. समोरच्या भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र होतं, आणि मी त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. बऱ्याच वेळाने मोतीबाई म्हणाल्या, "सर, एक इचारू?"

"विचारा ना, वहिनी."

"तुमी म्हनता तसं असंन, तं जिथं हे वाचनार नाहीत, तिथंबी मी अशीच बाकावर बसून असंन?"

इतक्या दिवसांत मी एवढं बोललो होतो, आणि खरं उत्तर द्यायची वेळ आता आली होती.

"हो," मी म्हणालो. "बसून असाल."

"अन् तुमी? तिथं तिच्यापाशी?"

"मीही असणार. असणारच."

त्यांनी पदर सावरला. मी खिसा चाचपला आणि अर्धवट उठलो. "चहा आणतो तुमच्यासाठी."

"बसा," त्या म्हणाल्या. "कोन्या जगात दार उघडीन अन् तिच्यापाशी कोनीच नसंन. तिले एकटीले सोडून जाऊ नका."

मी बसलो. त्यांच्याशेजारी, थोडा अधिक जवळ. मला त्या दुसऱ्या मोतीबाई दिसू लागल्या, रांगेने बाकांवर बसलेल्या, बंद दारांकडे बघणाऱ्या. प्रत्येकीशेजारी माझ्यासारखा एक जण मोडका चष्मा लावून गप्प बसला असावा, असं मी त्या वेळी मनापासून मागितलं. कोणाकडे मागितलं, ते मला सांगता येणार नाही; आमच्या घरात देवाकडे मागायची पद्धत नाही.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि म्हणाले, "सगळं नीट झालंय. थोड्या वेळात बघता येईल."

मी उठून उभा राहिलो आणि पुन्हा खाली बसलो. मोतीबाई रडल्या नाहीत. डॉक्टर गेले त्या दिशेला त्यांनी हात जोडले, बराच वेळ तसेच धरून ठेवले. मग माझ्याकडे वळल्या.

"आता आना चहा," त्या म्हणाल्या.